गोठ्यातली जागा

भाऊसाहेबांच्या ओसरीवर मी बसल्या बसल्या झोपलो. तेही साधं नाही. तोंड उघडं, हनुवटीवर लाळ, आणि समोर गावातली चार मातब्बर माणसं चहा पिऊन राह्यलेली.

"पाहा," भाऊसाहेब म्हणाले, "पोराचं डोस्कं गेलंच होतं. आता बापाचंबी गेलं."

सगळे हसले. त्या हसण्यानं जाग आली आणि सवयीनं मीही हसलो. कशाला हसलो, ते मागून कळलं.

चूक माझीच. सकाळी घाईत बीपीची गोळी घ्यायची, ती सोडून प्रशिकची घेतली. प्रशिक माझा मुलगा, सव्वीस वर्षांचा. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. स्किझोफ्रेनिया, असं वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं. बापलेकाच्या गोळ्या एकाच कोनाड्यात, दोन्ही पांढऱ्या. मी शाळेत शिपाई. अख्ख्या शाळेच्या किल्ल्या अंधारात ओळखतो, घरातली गोळी नाही.

भाऊसाहेब त्या शाळेचे अध्यक्ष. आमच्या रिठदच्या शिवारात नजर पोचेल तिथवर त्यांचं रान. माझा बाप त्यांच्या वडिलांकडे सालदार होता. पाडव्याला साल ठरायचं, की वर्षभर माणूस त्यांचा. बैलांचा, शेणाचा, रातच्या पाण्याचा.

मी गेलो होतो एकच गोष्ट मागायला. आम्ही नवराबायको गेल्यावर पोराचं काय? दुसरं लेकरू नाही. भाऊबंदांचा डोळा आमच्या दोन एकरांवर. एखाद्या वजनदार माणसानं चारचौघांत नुसतं म्हटलं असतं, की या पोराच्या वावराला कोणी हात लावायचा नाही, तर आम्ही निवांत मेलो असतो.

तेवढं सांगितलं. जीभ जड, शब्द टाळूला चिकटत होते.

भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं आणि अगदी मायेनं बोलले. मायेनं बोलले, हेच अजून टोचतं.

"तू कायले घोर करतं बे? ते दोन एकर माह्या नावावर करून दे. पोरगं पाडव्यापासून पाठव. गोठ्यात जागा हाये. ते शेण काढीन, दोन टाइम खाईन. तुमी मेल्यावरबी पडून राहीन तिथंच. तुह्या बापानं नाई का उमर काढली?"

चौघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "याच्यापरीस चांगलं काय पाह्यजे? हो म्हण ना गड्या."

आणि खरं सांगतो, घडीभर मलाही बरं वाटलं. वर छप्पर, पुढ्यात भाकर. बापाचा 'हो जी' माझ्याही ओठांवर आला होता.

तो बाहेर पडला नाही, कारण जीभच हलेना. तेव्हा उमगलं. एका गोळीनं माझी ही गत. प्रशिक ती रोज घेतो. ती घेऊन सकाळी उठतो, शेळ्यांना पाला टाकतो, आईला पाणी भरून देतो. आणि गाव त्याला आळशी म्हणतं.

हा माणूस गोठ्यात? तिथं त्याला गोळी कोण देणार? दवाखान्यात कोण नेणार? आवाज वाढले की खुंट्याला बांधतील. बैलाला निदान पोळ्याचा एक दिवस असतो.

उठलो. तोल गेला, खांब धरला.

"नाई पाठवत, भाऊसाहेब. माह्या बापाचं साल माह्या बापासंगच संपलं. वावरबी देत नाई, पोरगंबी देत नाई."

जन्मात एकदा त्यांच्यापुढं ताठ बोललो, तेही बोबडं. त्यांना अर्धं कळलं नसावं. म्हणून परत बोललो. दुसऱ्यांदा कळलं.

"नोकरी कोनाच्या शाळेत करतं, मालूम हाये ना?" माया गेली होती.

"मालूम हाये."

एवढं बोलून पायऱ्या उतरलो. घरी आल्यावर दिसलं, पायातली एक चप्पल माझी नव्हती.

बायको अंगणात तूर पाखडत होती. गोळीचं ऐकून ती पोट धरून हसली. गोठ्याचं ऐकलं तेव्हा सूप खाली ठेवलं. गावात भाऊसाहेबांच्या विरोधात आमच्या बाजूनं उभं राहील असं एकही नाव आठवेना.

मग तिनंच वाशिमच्या सरकारी दवाखान्यातल्या रांगेचा विषय काढला. दर महिन्याला तीच माणसं. आसेगावची विधवा बाई, तिची मुलगी घेऊन येते. जऊळक्याचा शिंपी, भावाला घेऊन येतो. वर्षानुवर्षं शेजारी उभे राहतो, पण 'आपल्या मागं यांचं काय' हे कोणी कोणाला विचारलेलं नाही. शरम. आता विचारायचं. जो मागं उरेल त्यानं सगळ्यांच्या लेकरांकडं पाहायचं. जमिनीवर कोणी आलं, तर सगळ्यांनी मिळून तहसीलला जायचं. आणि आमचं वावर आम्ही जिवंत आहोत तोवरच प्रशिकच्या नावावर करायचं.

"आन कोनीच हो म्हटलं नाई त?" मी विचारलं.

बायकोनं सूप उचललं. म्हणाली, "त पुढच्या महिन्यात परत इचारू. कुठं जातेत ते, रांगीतच त असतेत. उद्यापासून प्रशिकले सैपाक शिकवीन मी. वाशिमले यष्टीनं एकटं जाचंबी शिकवीन. आन तुमीबी बसा चुलीपाशी. मी आंधी मेली त दोघंबी उपाशी मराल."