पासी उकिडवा बसतो

फिनलंडचा पासी हुट्टुला पोटासाठी न्हाणीघरात फरश्या बसवायचा, म्हणजे दिवसभर उकिडवा. आणि उन्हाळ्यात देशासाठी बेसबॉल खेळायचा, तोही उकिडवाच. फळीवाल्याच्या मागे तोंडाला जाळी बांधून बसायचं आणि अंगावर येणारा चेंडू झेलायचा. चव्वेचाळीस वर्षांचा झाला, गुडघे जिना चढताना वाजायचे, तरी देशाला दुसरा कॅचर मिळेना.

मिळणार कुठून? फिनलंडातली पोरं पाळण्यापासून पेसापालो खेळतात. चेंडूफळीचाच खेळ, पण त्यात चेंडू फळीवाल्याच्या शेजारी उभं राहून वर उडवतात. मागे कुणी बसतच नाही. पासीनं दोघांना शिकवून तयार केलं होतं. एक लग्न करून स्वीडनला गेला. दुसऱ्याचा अंगठा मोडला, तो म्हणाला, "यापेक्षा बर्फावरची हॉकी बरी."

युरोपातल्या खालच्या पायरीवरच्या संघांची स्पर्धा त्या जुलैत हेलसिंकीजवळ भरली. जिंकेल तो वरच्या पायरीवर जाणार. पासीनं आधीच प्रशिक्षक रिस्तोला गाठलं.

"रिस्तो, बास आता. गुडघ्यांत वाळू भरलीय."

"जिंकलो तर वर जाऊ. तिथं तुझ्याशिवाय कसं जमायचं? आणखी दोन उन्हाळे काढ."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर सुटलास. शब्द देतो."

माणसाला असं कधी सांगू नये. तेव्हापासून पासीच्या मनात नको तो किडा वळवळायला लागला. चेंडू झेलताना झोकून द्यायचा, पण समोरच्यांनी धाव काढली की पोटात बरं वाटायचं. मग स्वतःचीच लाज वाटून पुढचा चेंडू आणखी जिवावर उदार होऊन झेलायचा. अशानं संघ जिंकत जिंकत अंतिम सामन्यात पोचला!

समोर नॉर्वे. शेवटचा डाव, फिनलंड एका धावेनं मागे. दोन गडी बाद, एक जण शेवटच्या थांब्यावर टपून उभा, तिथून घरी पोचला की एक धाव. आणि फळी घेऊन आला पासी. पहिल्या थांब्यावर वेळेत पोचला की बरोबरी, नाही तर तिसरा गडी बाद आणि खेळ खलास.

"चला आजोबा, गुडघ्यांना तेल घातलंय ना?" बाकावरून त्यांचाच गोलंदाज आर्त्तू ओरडला.

"तुझ्या जिभेला घाल," पासी म्हणाला.

चेंडू आला. पासीनं फळी फिरवली. फटका असला भिकार, की चेंडू गवतातून सरपटत गेला. तो उचलायला धावलेल्या नॉर्वेच्या पोराचा पाय घसरला, ते गुडघ्यावर आपटलं. धावायला चांगला वेळ होता.

आणि पासी उभा राहिला. फळी खांद्यावर टेकवून, पुढच्या चेंडूची वाट बघत.

पेसापालोत हे चालतं. फटका फसला तर जागेवर थांबायचं, अजून फटके शिल्लक असतात. गावच्या मैदानावर पासी लहानपणापासून हजारदा तसा थांबला होता. पण बेसबॉलमध्ये चेंडू मैदानात पडला की पळावंच लागतं, आणि बेसबॉल खेळायला लागून त्याला बावीस वर्षं झाली होती.

"पळ! अरे पळ की!" सगळे किंचाळले, तेव्हा तो पळाला. तोवर चेंडू त्याच्या आधी थांब्यावर पोचला होता.

संध्याकाळी सगळे सौनात, वाफेच्या खोलीत, बसले. रिस्तोनं तापल्या दगडांवर पाणी टाकलं. तो म्हणाला, "शब्द दिला होता. सुटलास, पासी."

आर्त्तू हळूच म्हणाला, "जुनी सवय हो. कुणाचंही झालं असतं."

कुणी रागावलं नाही, कुणी काही विचारलं नाही. एखाद्यानं शिवी हासडली असती तर पासीला बरं वाटलं असतं.

घरी बायकोनं, मेर्वीनं, कॉफी पुढे ठेवली आणि सरळच विचारलं. "मुद्दाम केलंस?"

"पाय थांबले गं."

"पाय थांबले ते सगळ्यांनी पाहिलं. तू काय केलंस?"

पासीनं कप पुढे ओढला. "तेच आठवत नाही. पळ, असं मनात आलं होतं की नाही... खूप आठवून बघितलं."

"मग आता? सुटलास ना?"

"असा कसा सुटू? पुन्हा मागे बसेन, नाही तर जन्मभर हेच आठवत राहीन."

मेर्वीनं कपाळावर हात मारला. "गेल्या साली म्हणालास, माणूस नाही म्हणून बसतो. आता म्हणे आठवत नाही म्हणून बसतो. पुढच्या साली काय, बर्फ पडला नाही म्हणून बसशील?"

पासीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. त्यानं रिस्तोला फोन लावला.

"मागे कोण बसणार पुढच्या उन्हाळ्यात?"

"कोण आहे? कुणी नाही."

"मी बसतो."

मग रिस्तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. दोन गोड शब्द बोलला असता तर काही बिघडत नव्हतं, पण तिकडच्या पुरुषांना ती सवयच नाही.

सोमवारी पासी एका न्हाणीघरात फरशी बसवायला गेला. उकिडवा बसला, पहिली फरशी टेकवली, आणि कुणी नाही असं बघून तोंडातल्या तोंडात म्हणाला, "पळ."

पाय जागचे हलले नाहीत.