माउसला हात न लावणारी जाऊ

तिकिटं काढून देण्याच्या त्या छोट्याशा दुकानात टेबलं तीन. एक दाराशी, सासऱ्यांचं. मागे भिंतीला लागून दोन, दोघी सुनांची, शेजारीशेजारी. सासरे आता घरी बसायचं म्हणत होते आणि त्यांची दाराशी असलेली खुर्ची कोणाला मिळणार, हा काटा थोरलीच्या घशात अडकला होता. खरं तर विचारायचं कशाला? लग्न होऊन आली तेव्हापासून ती इथे राबत होती. कोणाला खिडकी लागते, कोणाला गाडी लागते, कोणाला शेजारी बडबड्या माणूस चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ. खुर्ची तिचीच होती. धाकटी येईपर्यंत.

धाकटीने पहिल्याच दिवशी माउस बाजूला सरकवला, कीबोर्ड पुढे ओढला आणि बोटं चालवायला लागली. एकामागून एक पानं उघडत होती, चार-पाच साइटींचे भाव समोर येत होते, नको ते मिटत होतं, आणि ही बया खुर्चीत ताठच्या ताठ. थोरली माउस घोळवत पडद्यावरचा बाण शोधत असायची, तोवर धाकटीचं तिकीट छापून बाहेर. 'धाकट्या वहिनींचा हात म्हणजे कमाल आहे हो!' असं एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, आणि थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं आपण काय इथे माश्या मारत बसलो होतो?

"नुसती घुमी आहे," तिने नवऱ्यापाशी तक्रार केली. "गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलेल तर शपथ. मान खाली, बोटं चालू."

"मग तुझं काय बिघडतं त्यात?" नवरा म्हणाला.

नवऱ्यांना असल्या गोष्टी समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

एकदा तर थोरलीने धाकटीचा माउस उचलून चक्क आपल्या खणात कोंबला. बघू आता काय करते ती! आठवडा उलटला. धाकटीच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. शेवटी थोरलीनेच तो गुपचूप परत ठेवला, आणि ठेवताना वरची धूळही पुसली. चोरी करूनही जिचं काही अडत नाही, तिच्यावर जळणं हे फार दमवणारं काम असतं.

मग तिने दुसरा मार्ग धरला. तिरप्या नजरेने ती धाकटीची बोटं वाचायला लागली. विचारायचं? छे! मोठ्या जावेने धाकटीला विचारायचं म्हणजे खुर्ची आपल्या हाताने देऊन टाकण्यासारखं. करंगळी खालच्या कोपऱ्यात, कंट्रोलवर, एवढं तिला नीट दिसलं. दुसरं बोट वर डावीकडे कुठेतरी पडायचं आणि पडद्यावर एक पान जाऊन दुसरं यायचं. दुकानात कोणी नसताना तिने करून पाहिलं. कंट्रोल आणि डब्ल्यू. आलं की दुसरं पान! थोरली मनातल्या मनात उड्या मारायला लागली.

दोन दिवसांनी निवृत्त शाळामास्तरीणबाई आल्या. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. मिळेल त्या गाडीने निघायचं होतं, पण गुडघ्यांमुळे वरची जागा नको होती. सासरे दाराशी बसून बघत होते. थोरलीने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, लेकीची चौकशी केली आणि माउसने एकेक करून सगळ्या साइटी उघडल्या. कितीतरी वेळ खपून तिने पानं जमवली. एका गाडीत खालची एकच जागा उरली होती, ती सापडल्यावर तिला चेव आला. माउस तिने ऐटीत बाजूला सारला.

"आता बघा हं बाई, सगळे भाव एका दमात दाखवते."

कंट्रोल, डब्ल्यू. एक पान गेलं, दुसरं आलं. पुन्हा दाबलं, तिसरं आलं. बाई कौतुकाने मान डोलावत होत्या. थोरलीने सासऱ्यांकडे हळूच बघून घेतलं आणि आणखी जोरात दाबत सुटली. शेवटच्या वेळी दुसरं पान आलंच नाही. पडद्यावर नुसतं मागच्या चित्रातलं निळं आभाळ राहिलं. ती पानं पालटत नव्हती, एकेक करून बंद करत होती!

"गेली का हो माझी जागा?" बाईंचा आवाज कापरा झाला.

थोरलीने बाजूला सारलेला माउस घाईघाईने ओढला. एवढ्यात तिच्या खांद्यावरून धाकटीचा हात आला. तिने आधी एक कोरं पान उघडलं, मग तिची दोन बोटं खाली रोवली गेली, एक वर टेकलं, आणि मिटलेली पानं एकामागून एक परत आली. ती खालची जागासुद्धा.

"ताईंनी पानं ताजी करायला बंद केली होती," धाकटी खाली बघत पुटपुटली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. थोरली मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाली. धाकटी हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी सांगून टाकलं, "दाराशी आता थोरली बसेल. धाकटीनेच तसं सुचवलंय."

म्हणजे भीक! हवी ती खुर्ची मिळाली आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवाय आता धाकटी पाठीमागे. बोटं दिसत नव्हती, मागून नुसती टकटक ऐकू यायची, आणि ती ऐकता ऐकता थोरलीचा माउस भलतीकडेच जायचा.

एका दुपारी धाकटी बँकेत गेली. थोरली उठून तिच्या खुर्चीत बसली. मिटलेलं पान परत आणायची ती कळ तिला काहीही करून हवी होती. करून बघताना बिघडलंच, तर बिघडू दे हिचंच मशीन! खांद्यावरून आलेला हात तिने आठवला. दोन बोटं खाली, कंट्रोल आणि शिफ्टवर. तिसरं वर, टीवर. तिने दाबलं.

पान आलं. धाकटीने जाण्यापूर्वी मिटलेलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अनोळखी माणसांशी बोलण्याची भीती कशी घालवावी?'

थोरलीने ते सगळं वाचलं. आरशासमोर सराव करा. रोज एका माणसाला एक तरी प्रश्न विचारा. म्हणजे त्या दाराशी बसायच्या कल्पनेनेच हिला घाम फुटत होता तर! आणि आपण मात्र भीक म्हणून कुढत बसलो. थोरलीला आधी गुदगुल्या झाल्या, अगदी खरं सांगायचं तर. मग पुढची ओळ वाचली: 'हे जिला सहज जमतं अशा जवळच्या कोणाला तरी विचारा.' हिनेही विचारलं नव्हतं.

काचेचं दार ढकललं गेलं. थोरलीने झटकन कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं. ही कळ तिला आता पक्की ठाऊक होती.

"ताई, काही हवं होतं का?" आपल्या खुर्चीत जाऊबाईंना बघून धाकटी दारातच थबकली. तिच्या मागून एक गिऱ्हाईक आत येत होतं.

"हो," थोरली उठत म्हणाली. "तुझी खुर्ची पुढे आण आणि माझ्याजवळ बस. यांना फक्त 'कुठे जायचंय' एवढंच विचार. पुढचं मी बघते."