नामदेवच्या छातीतली चुकलेली लाईन

नामदेव गेला ही खबर मले पोलाद कारखान्याच्या पंपघरात मिळाली. हातातला पाना खाली ठेवायचं सुचलं नाही, तो धरूनच रुआबांधा कॉलनीतल्या त्याच्या क्वार्टरपर्यंत आलो. महिना होऊन गेला. तो माझा साळा, अन् माझ्याच गँगमधला पाईप फिटर.

तीन वर्षं तो शिडीवर अर्ध्यात थांबायचा, छाती धरायचा. उतरला की बरा. भट्टीजवळ कोणाले असं झालं की आम्ही मीठ-गुळाचं पाणी पाजून पुन्हा वर पाठवतो. मीही तेच केलं. ईसीजी दोनदा साफ आला, मग तर मले जोरच चढला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गँगसमोर म्हटलं, "छाती नाही दुखत बे याची, हाडं दुखतात. कामचोर!" सगळे हसले... तोही हसला. "ताईले नका सांगू भाऊजी," एवढंच म्हणाला.

मग कारखान्याच्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीण आली. तिनं नळी छातीवर ठेवली, ती काढेचना. आत सारखी सळसळ होऊन राहिली, म्हणे. नागपूरले पाठवलं. तिथं नसेत दवाई सोडून हृदयाची फिल्म काढली. मी सोबत होतो. डॉक्टरनं बोट ठेवून दाखवलं, हृदयाले रक्त देणारी एक नस जन्मापासूनच फुप्फुसाच्या नसेले जाऊन जुळलेली. चढताना हृदयाले जास्त रक्त पाहिजे, अन् तेच भलतीकडे वळून जाते. निजलेल्या माणसाच्या ईसीजीत ते दिसत नाही.

मी चौथी शिकलेलो, पण हे मले लगेच समजलं. एका लाईनचं पाणी दुसरीत घुसलं तर शेवटच्या नळाले प्रेशर कुठून भेटन? पाईपावर हात ठेवून असा फॉल्ट मी तीस वर्षं पकडला. घरच्या माणसाच्या छातीवर हात ठेवला नाही.

परतताना गाडीत माफीचा शब्द तोंडाशी आला... तिथंच अडला. तोच म्हणाला, "फिटिंगच चुकीची निघाली, भाऊजी. आता गँगले सांगा." सांगतो म्हटलं. सांगितलं नाही. ठरलेल्या ऑपरेशनच्या बारा दिवस आधी, सकाळी दाढी करता करता पडला.

तेरवीनंतर जेवणाच्या सुट्टीत मी उभा राहिलो. म्हटलं, "नामदेव कामचोर नव्हता." कोणी वर पाहिलं नाही. मग गँगमधला म्हातारा साहू बोलला, "मालूम है, भाऊ. आठ दिन आपकी राह देखा, फिर खुद बताया. बोला, भाऊजी को कोई चिढ़ाना मत."

नामदेवचा लॉकर रिकामा करून चावी जमा करा, असा ऑफिसातून दोनदा निरोप आला. चावी माझ्या खिशात आहे. नाही देत.