घासून काढलेलं नाव

सत्तरच्या दशकात मॉरिशसमधल्या क्युरपिप गावात आमच्या शेजारी एक म्हातारा इंग्रज राहायचा. आपले वडील राणी व्हिक्टोरियाच्या काळात पगारी फुटबॉलपटू होते, असं तो सांगे. सरकारी नोकरीतल्या माझ्या बाबांना ते पटत नसे. एकदा त्याने वडिलांचं पदक दाखवलं, तर त्यावरचं नाव घासून काढलेलं.

"चोरीचं असणार," बाबा घरी येऊन म्हणाले.

तो वारल्यावर त्याची बहीण इंग्लंडहून आली. बाबांनी पदकाचं विचारलंच.

"वडील गोलकीपर होते," ती म्हणाली. "एकदा चेंडू हातातून सुटला. लाच घेतली म्हणून क्लबने काढलं. नाव त्यांनीच घासलं."

"घेतली होती का?"

"आईनेही हेच विचारलं. मग ते तिच्याशी कधी बोलले नाहीत."

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "घेतलीच असणार." मला मात्र तिच्या आईचं वाईट वाटत राहिलं.