रोलरच्या चाकाखालचा दगड

आमची सून शुभदा एका बांधकाम कंपनीचं काम घरूनच करते. कंपनीच्या यंत्रांच्या नोंदी कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्या तिथून मागवून घ्यायच्या, एवढंच मला त्यातलं कळतं. काल मी शेजारी वाटाणे सोलत बसले होते, तेवढ्यात तिला कंपनीतून रिटायर झालेल्या गणपतरावांचा फोन आला, तो तिनं स्पीकरवर ठेवला. त्यांनी जन्मभर रस्ता दाबायचा एकच रोलर चालवला.

"ताई, माझा रोलर घाटातल्या कामाला गेलाय म्हणे. उतारावर त्याचा ब्रेक धरत नाही, मी चाकाखाली दगड लावायचो. नव्या ड्रायव्हरला कुणी सांगितलंय का?"

शुभदानं नोंद मागवली, ती क्षणात आली. नंबर, रंग, खरेदीचं साल आणि शेवटी, स्थिती उत्तम.

"अगं, मग दगडाचं लिही की त्यात," मी म्हटलं.

"आई, मला फक्त वाचता येतं. लिहायची परवानगी नाही."

आता बघा, कुकरचं झाकण कुठं दाबलं की बसतं, हे घरातल्या एकीच्याच हाताला ठाऊक असतं. ती माहेरी गेली की भात कच्चा राहतो, एवढंच. पण घाटात?

शुभदानं साइटवर चारदा फोन लावला. कुणी उचलला नाही. मग तिनं गणपतरावांना तसं कळवलं.

"राहू द्या ताई, मीच जातो एसटीनं."

"काका, आत कोण सोडणार तुम्हाला?"

"गेटवरून ओरडेन की."

घाटापर्यंत एसटीला चार तास लागतात, आणि रोलर सकाळीच कामाला लागला होता.