भुईला टेकायची वेल

त्या वेलीची मला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. पानं वरून हिरवी-रुपेरी पट्ट्यांची, खालून शिळ्या काळजासारखी जांभळी. देठ मोडला की चिकट पाणी हाताला लागायचं आणि मनगटं खाजत बसायची. ना फूल देवाच्या कामाचं, ना पान भाजीच्या. माझे थोरले दीर मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेब लोक घरात वेली टांगतात म्हणून त्यांनी ती आगबोटीतून रत्नागिरीला आणली आणि घासलेटच्या कापलेल्या डब्यात लावून माजघराच्या तुळईला अडकवली. निघताना बायकोला म्हणाले, "ही भुईला टेकली का तुला मुंबयला नेतो."

माझ्या थोरल्या जावेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा दिसायचा तो शिमग्याला. तिनं ते बोलणं गाठीला बांधलं. रोज सकाळी डबा उजेडाकडे फिरवायची, ओंजळीनं पाणी घालायची, ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची आणि भुईपासूनचं अंतर वितीनं मोजायची. सारवलेल्या जमिनीवर थेंब गळून चिखल व्हायचा, डास व्हायचे, आणि भाताचं भांडं घेऊन जाताना ते लोंबतं गार शेपूट माझ्या गालाला लागायचं. मी दर वेळी पदरानं गाल पुसायची.

दिवाळीपर्यंत दोन विती उरल्या. तेव्हा थोरली आठ दिवस माहेरी गेली आणि वेल माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, वेल लवकर वाढली तर थोरली सुटेल आणि मीही सुटेन. माडाच्या बुंध्याशी मीठ आणि कुजकी मासळी घालायची आमच्याकडची रीत. माड त्यावर कसे फोफावतात ते मी जन्मभर पाहिलेलं. मी दोन मुठी मीठ आणि बांगड्यांची डोकी डब्यात दाबली.

थोरली परत आली तेव्हा वेलीचा काळा लगदा झाला होता आणि डब्यातून अळ्या भुईवर पडत होत्या. मी केलेलं सांगितलं. ती रागावली नाही. त्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून तिनं बोटभर चांगला देठ शोधून काढला आणि करवंटीत लावला. मी परसात जाऊन ओकले.

शिमग्याला दीर आले. वेल वीतभरच होती. ते जेवायला बसले तेव्हा थोरलीनं मान खाली घालून सांगितलं की टेकली असती, पण आपल्याच हातून नासली. माझं नाव घेतलं नाही.

ते हसले. "अगो, ता मी मस्करीत बोललो व्हतो. तू खरा धरलंस?" आणि आमटीतली माशाची मोठी तुकडी मागितली.

थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं. दाराआड डाव हातात धरून मी उभी राहिले. त्या अळ्यांची आली नव्हती एवढी किळस मला त्यांच्या ताटात वाढताना आली.

ते गेल्यावर थोरलीनं करवंटी विहिरीच्या वाटेकडच्या उकिरड्यावर पालथी केली. पाऊसकाळ सरला तेव्हा वेल तिथून थेट विहिरीपर्यंत भुईवर पसरली होती, जांभळी, गच्च. थोरली दिवसातून चारदा घागर घेऊन तिच्यावरून चालत जायची.