दोनदा मोजलेले मामा

मामींचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूच्या चिकपेटेत पडद्याचं कापड घेत होतो. दुकानदार सांगत होता, "स्वल्प जास्ती घ्या सार, मागनं कमी पडतं." मी खिडक्यांची मापं पुन्हा जुळवून बघत होतो. मामी एवढंच म्हणाल्या, "गेले रे. झोपेतच गेले." मी "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणालो. मामींना म्हणालो की दुकानदाराला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही... पण त्याने कापड फाडलं, आणि ते जास्तच निघालं. पडदे अजून शिवायचे आहेत. मामांची आठवण काढायला बसलो की मात्र डोळे भरून येण्याआधी छाती धडधडते, कारण पहिली समोर उभी राहते ती विधानसभेतली ती संध्याकाळ.

परशराममामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. बेळगावकडच्या एका तालुक्यातून दोनदा अपक्ष निवडून आले, तिसऱ्यांदा पडले. अधिवेशनासाठी बेंगळुरूला आले की आमदार निवासात खोली असायची, पण जेवायला ते बनशंकरीत आमच्याकडे येत. "तिथली चपाती म्हंजे रुमाल रे. तोंड पुसायचं की खायचं?" गुडघ्यांनी त्यांना फार छळलं. आमच्या घरी त्यांची खुर्ची हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात असे. एका हाताला चौकट, दुसऱ्या हाताला फ्रिज, दोन्ही धरून उठायचं. उठायला जितका त्रास, त्याहून जास्त पुन्हा बसायला. याचा एक परिणाम असा, की चहासाठी हॉलमधली माणसं माझी मुलगी ईशा मोजायची, आतली माझी बायको सुनंदा मोजायची, आणि दोघीही मामांना आपल्याकडे धरायच्या. चहा दर वेळी एक कप जास्त. मी कारखान्यात खर्चाचे आकडे तपासणारा माणूस. मला ते खटकायचंच.

"अगं, पुन्हा एक जास्त झाला," मी म्हणायचो.

"होऊ दे की," मामा म्हणायचे, "तो माझ्या मतदारसंघाचा." आणि तो दुसरा कपही बशीत ओतून संपवायचे.

त्या अधिवेशनात बोअरवेलचं विधेयक होतं. मामांच्या भागात, उसाच्या फडाशेजारी, उघड्या सोडलेल्या बोअरमध्ये एक लहान मुलगी पडली होती. तिला वर काढेपर्यंत मामा तिच्या बापाशेजारी मातीत बसून राहिले होते. ती जिवंत आली नाही. घरी ते याबद्दल एकदाच बोलले. "पाणी लागलं नाही म्हणून बोअरची गाडी निघून गेली. झाकण बसवायला कितीसा वेळ लागतोय रे?" त्यांची दुरुस्ती एका वाक्याची होती. पाणी लागलं नाही, तर बोअरचं तोंड बंद केल्याशिवाय गाडीने जागा सोडायची नाही. मंत्री म्हणत होते, हे नंतर नियमांत घालू. मामांचं म्हणणं, "नियम उद्या कुणी पण बदलेल. कायद्यात पायजे." मला म्हणाले, "ये की बघायला. मामा काय काम करतोय ते तरी कळेल."

मी दुपारनंतर वरच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. विधेयकावर दुरुस्त्यांचा ढीग होता. सभाध्यक्ष एकेक वाचून मताला टाकत. बाजूचे सदस्य "हौदु" म्हणत, विरुद्धचे "इल्ला". "इल्ला"चा आवाज मोठा, दुरुस्ती नामंजूर, पुढची. हौदु, इल्ला, नामंजूर. दिवे लागले तरी तेच. हळूहळू सत्ताधारी बाकं विरळ होत गेली. रोज तेच जिंकतात, मग आवाज द्यायला थोडे पुरेत, बाकीचे कॅन्टीनला. मामा मात्र जागचे हलले नव्हते. त्यांची दुरुस्ती आली, "इल्ला" झालं, आणि ते म्हणाले, "सभाध्यक्षरे, मला मोजणी पाहिजे."

घंटा वाजू लागली. ती थांबली की दारं बंद, मग बाहेरचा बाहेर. सत्ताधाऱ्यांचा प्रतोद कॉरिडॉरकडे पळाला. माणसं तोंड पुसत आत येऊ लागली. मामांच्या शेजारच्या तालुक्यातले सत्ताधारी आमदार, ज्यांना मामा नुसतं "गौडरे" म्हणत आणि गेली कित्येक वर्षं ज्यांच्याशी कालव्याच्या पाण्यावरून भांडत, ते धोतर सावरत धावत आले आणि दार लागता लागता आत घुसले. उरलेले बाहेर राहिले. मी भराभर डोकी मोजली. सभाध्यक्ष सोडून ऐंशी. विरोधी पक्ष सगळा मामांच्या बाजूने. त्यांना बोअरचं पडलं नव्हतं, सरकार हरलेलं बघायचं होतं. पण मतं ती मतं.

आमच्या विधानसभेत मोजणी रांगेरांगेने होते. एका रांगेने उभं राहायचं, सचिवालयाच्या माणसाने मोजायचं, त्यांनी बसायचं, मग पुढची रांग. मामांना बाकाच्या आत उभं राहणं जमेना म्हणून ते वाटेत आले आणि दोन रांगांची दोन टोकं दोन हातांनी धरून उभे राहिले... अगदी आमच्या दारात राहत तसे. मग विरुद्ध मतांची मोजणी झाली. सभाध्यक्षांनी आकडे वाचले. बाजूने एक्केचाळीस, विरुद्ध चाळीस.

काय गलका झाला! बाकं बडवली गेली, कागद उडाले. मीही नकळत उभा राहिलो. पहारेकरी खेकसला, "सार, कूतकोळ्ळी!" मी खाली बसलो, आणि बसताना डोक्यात आलं, एक्केचाळीस आणि चाळीस म्हणजे एक्क्याऐंशी. सभागृहात तर ऐंशीच आहेत. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजू लागलो. तेवढ्यात खाली मामांचा आवाज आला. ते अजून उभेच होते.

"सभाध्यक्षरे, थांबा. मी दोनदा मोजला गेलोय. आपल्या रांगेत एकदा, आणि मागच्या रांगेत परत."

मग ज्या विरोधकांनी बाकं बडवली होती तेच ओरडू लागले, "बसा हो! खाली बसा!"

"बसता येत नाही म्हणूनच तर घोटाळा झालाय!" मामा म्हणाले, आणि सगळं सभागृह हसलं. सभाध्यक्षही हसले. मी हसलो नाही. एक मत वजा झालं की चाळीस-चाळीस. बरोबरीत सभाध्यक्षांचं मत, आणि ते बहुधा विधेयक आहे तसं ठेवण्याकडेच जातं. म्हणजे झाकण गेलं. मामांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मामांच्या मागून कोणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, "काय केलंत हो अण्णा, जिंकला होता." मामा वळले नाहीत. "खोटं मत घातलेला कायदा त्या पोरीच्या बापाला कसा दाखवू?"

पुन्हा मोजणी. या वेळी मामांना खुर्ची दिली आणि त्यांनी हात वर केला. बाजूने चाळीस. मग विरुद्धच्या, सत्ताधाऱ्यांच्या रांगा उठू लागल्या. गौडांची रांग उठली. गौडा उठले नाहीत.

प्रतोद वाकून म्हणाला, "एळरी, गौडरे!"

"उठवत नाही," गौडा म्हणाले, "गुडघा दुखतोय."

धावत आलेला माणूस! मी कठडा घट्ट धरला. तटस्थांना उठायला सांगितलं, तेव्हाही गौडा तसेच, समोर बघत, मांड्यांवर हात ठेवून. सभाध्यक्षांनी आकडे वाचले. बाजूने चाळीस, विरुद्ध एकोणचाळीस. या वेळी पहारेकऱ्याने मला बसवलं नाही, तोही वाकून खाली बघत होता.

बाहेर पायऱ्यांपाशी गौडा भेटले. मामांनी त्यांचा हात धरला. "गौडरे, कुठला गुडघा?"

"कालव्याचं पाणी मागशील तेव्हा दोन्ही बरे असतील," गौडा म्हणाले आणि जिना उतरून गेले, भराभर.

पुढच्या निवडणुकीत मामा पडले. ते म्हणाले, "मोजणी बरोबर होती, मी बघितली." नंतर ते बेंगळुरूला यायचे ते डॉक्टरकडे. एकदा आमच्या मागच्या लेआउटमध्ये, नव्या वसाहतीत, बोअर मारत होते. मामांनी मला गाडी थांबवायला लावली आणि ऑपरेटरला विचारलं, पाणी लागलं नाही तर काय करणार? तो वैतागून म्हणाला, "झाकण लावल्याशिवाय जाता येत नाही हो आजोबा, कायदा आहे." परत गाडीत बसताना मामांनी नेहमीसारखा माझा हातसुद्धा धरला नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी मामी आणि इतर नातेवाईक आमच्याकडे आले. दारातल्या खुर्चीत कोणीच बसलं नाही. सगळे वळसा घालून आत-बाहेर करत होते. ईशाने नेहमीसारखा हॉलमधून आकडा सांगितला, सुनंदाने नेहमीसारखाच आतला मिळवला, चहा आला, सगळ्यांना पोचला. ट्रे टेबलावर राहिला, आणि मी सवयीने बघितलं. मामा होते तेव्हा एक कप उरायचा. त्या दिवशी दोन उरले होते.